मान आणि धन

'मानधन' हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला तो गृहस्थ कुठल्या तरी संस्थेचा खजिनदार असला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मजुरी, पगार, फी, भाडं, दलाली, बिदागी, दक्षिणा, ओवाळणी, बक्षिसी, चिरीमिरी असे पैसे देण्याचे डझनभर शब्द मराठीत असताना, पैसे न देण्यासाठी एकही शब्द नसावा ही भाषेतली उणीव त्याला खटकली असणार. त्याने ती भरून काढली. या शब्दात मान आधी येतो आणि धन मागून, हेही उगीच नाही. मान शाल-नारळात उरकून घेतात आणि धनाची वेळ येईपर्यंत मंडपवाल्याने खुर्च्या उचललेल्या असतात.

मी बी.कॉम. आहे आणि बिलोलीत बँकेत कारकून आहे. तेव्हा नैतिक प्रश्नांवर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. असले प्रश्न तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेल्यांनी सोडवायचे, आम्ही फक्त त्यांची खाती उघडायची आणि त्यात शिल्लक का राहत नाही हे त्यांना समजावून सांगायचं. पण एक प्रश्न एके दिवशी माझ्या काउंटरवरच येऊन उभा राहिला. टोकन न घेता आला, त्यामुळे परतही पाठवता येईना.

आमच्या गल्लीत लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा एक मुलगा राहतो. बिलोली म्हणजे नांदेड जिल्ह्याचं अगदी टोक, पलीकडे तेलंगणा. इथली लग्नंही तशीच. नवरी कुंडलवाडीची, नवरदेव बोधनचा आणि आचारी देगलूरचा. मानपानाचं भांडण मराठीत सुरू होतं, तेलुगूत रंगतं आणि दखनीत मिटतं. हे सगळं टिपता टिपता पोरगं तयार झालं. कॅमेऱ्यासाठी त्याने आमच्याच शाखेतून मुद्रा योजनेतलं कर्ज काढलं. २०१५ सालच्या या योजनेत 'शिशु', 'किशोर', 'तरुण' असे कर्जाचे गट आहेत. कर्ज फेडता फेडता माणूस ज्या गटात जातो त्याचं नाव मात्र योजनेत नाही. पोराचं कर्ज 'किशोर' गटातलं. हप्ता दहा तारखेला. अकरा तारखेला आठवणीचा फोन करायचं काम माझ्याकडे.

तर हे पोरगं एक दिवस काउंटरवर येऊन म्हणालं, "काका, लग्नं सोडावी म्हणतो."

मी म्हटलं, "अरे, आधी एक तरी कर!"

"तसं नाही हो. वारसा आणि शिक्षणाचं काम करणारी एक संस्था आहे. त्यांना फिल्मा पाहिजेत. आपल्या गावातली सरफराजखानाची दगडी मशीद, होट्टलची देवळं, कंधारचा किल्ला आणि म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. शाळाशाळांत दाखवणार आहेत. मला यातच करिअर करायचंय."

त्याचे डोळे चमकत होते. "लग्नात मी पाऊण तास घोडी दाखवतो, काका. आता नऊशे वर्षांचं देऊळ दाखवायचंय. आणि दगड कधी म्हणत नाही, 'मी काळा आलो, परत काढ.'"

"देतात किती?"

"एका लग्नाचे मी पंचवीस हजार घेतो. ते तीन फिल्मांचे मिळून अठरा देणार. मानधन म्हणून. करू का?"

आता इथे माझ्यातला बी.कॉम. जागा व्हायला हवा होता. पण दुसऱ्याच्या पैशाचा प्रश्न आला की माणसातला संत आधी जागा होतो. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "अरे वेड्या, पुण्याचं काम आहे. असल्या कामात पैशाकडे बघू नये. नाव होईल. समाधान मिळेल. समाधानाला मोल असतं का?"

पोरगं भारावून गेलं. मीही गेलो. त्या भरात एक लहानशी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ही गोष्ट २०२४ सालची. आदल्याच महिन्यात, ८ मार्चला, आम्हा बँकवाल्यांचा बारावा द्विपक्षीय करार झाला होता. १७ टक्के वाढ, आणि तीही १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू. पेन खाली ठेवलं त्याच्याखाली जो कागद होता त्यावर मी माझी थकबाकी मांडत होतो. पैशांसकट. म्हणजे रुपये आणि पैसे, दोन्ही.

हा अप्रामाणिकपणा एकट्या माझा असता तर मी लेख न लिहिता गप्प बसलो असतो. पण आपल्या सगळ्या मध्यमवर्गाचा हा जुना समज आहे की चांगलं काम हे पैसे न घेता केलं तरच चांगलं. वकील फुकट सल्ला देत नाही, ते आपल्याला चालतं. पण जो गाणं शिकवतो, जुन्या पोथ्या वाचतो, गावच्या देवळाची माहिती गोळा करतो, त्याने पैशाचं नाव काढलं की आपल्याला कसंसंच होतं. आणि वर आपण म्हणतो, पूर्वी असं नव्हतं.

पूर्वी कसं होतं? वारकरी परंपरेत कीर्तनाचं मोल घेऊ नये असा दंडक आहे, हे खरं. तो आदर्श मोठाच आहे. पण तो ज्याने पाळायचा त्याने स्वतः पाळायचा आहे. श्रोत्यांनी बुवांच्या वतीने पाळायचा नाही. बाकी गावगाडा बघाल तर सुतार, लोहार, कुंभार, गुरव, सगळ्यांचं बलुतं खळ्यावर मोजून दिलं जायचं. देवाची पूजा करणारा गुरवही त्यात होता. वाटणीत न्याय होता असं मी म्हणत नाही; नव्हताच. पण देवाचं काम आहे म्हणून गुरवाने उपाशी राहावं, असं कोणी म्हणत नव्हतं. तेवढा पुढचा विचार करायला शिकलेली माणसं लागतात.

आपल्या दादासाहेब फाळक्यांचंच घ्या. १९०३ साली ते पुरातत्त्व खात्यात होते, फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. म्हणजे आमच्या पोराच्या धंद्याचे मूळपुरुषच म्हणायचे. पुढे १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला आणि तो महिनाभर थोडा थोडा टिपत 'अंकुराची वाढ' हे छोटं चित्र तयार केलं. वनस्पतिशास्त्राचा हा एवढा सुंदर धडा; पण फाळक्यांनी तो कशासाठी केला? भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला. विमा पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्मच्या कडांना भोकंही पाडत. त्यांना मानधन काय मिळालं हे कुठल्या वहीत असेल असं मला वाटत नाही. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची गोष्ट पडद्यावर होती आणि दागिने सोडणारी बाई पडद्यामागे होती, एवढंच.

असो. पोराने काम घेतलं. मशीद झाली. देगलूरकडे होट्टलला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत, तिथल्या मूर्ती कोवळ्या उन्हात चांगल्या दिसतात म्हणून तो पहाटे चारला निघायचा. कंधारला क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे आहेत. नुसतं पाऊल बघितलं तरी मूळ मूर्ती केवढी असेल या विचाराने मान वर जाते, आणि वर काहीच नसतं. तेही त्याने टिपलं. पेट्रोल त्याचं. मग ओव्या आल्या, आणि तो आमच्या घरी आला. कारण गल्लीत ओव्या येणारी शेवटची बाई म्हणजे माझी आई.

आईने आधी व्यवहार विचारला. "मला काय देणार रे?"

पोरगं गांगरलं. मी ओशाळून म्हणालो, "आई, तू शाळेतल्या मुलांना दिसशील."

"दिसून काय करू?" आई म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "आन् खुर्चीत बसून का ओव्या येतेत? आधी जातं आण."

जातं परसात होतं आणि त्याच्यावर तुळशीची कुंडी होती. आम्ही दोघांनी ते ओढत आणलं. त्यात माझी कंबर धरली, ती अजून पूर्ण सुटलेली नाही; तिचं मानधन मी मागितलेलं नाही. ज्वारी आणली. आईने खुंटा धरला आणि दोन फेरे होताच असं काही सुरू झालं की पोराने दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची परवानगी मागितली. दोन दिवसांत मिळून चार तास. मी पहिली दहा मिनिटं ऐकलं आणि बँकेत गेलो. घरचीच आई, नंतर केव्हाही ऐकता येईल.

या कामाला आपल्याकडे थोर परंपरा आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' नावाच्या ग्रामीण भारताच्या संग्रहात क्रमाने येत आहेत. मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे, की ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. 'पारंपरिक' असा एक शब्द टाकून बाईला वाटेला लावलेलं नसतं.

आमची फिल्म तयार झाली. बारा मिनिटांची. कार्यक्रम झाला, शाल-नारळ झाला. त्यात आई होती एक मिनिट चाळीस सेकंद. तिच्या आवाजाखाली, खरं तर आवाजावर, बासरी वाजत होती. वारसा म्हटलं की बासरी वाजलीच पाहिजे असा काही सरकारी नियम असावा. खाली नाव नव्हतं. 'एक ग्रामीण स्त्री' होतं.

त्या थंडीत आई गेली. फार आजारी न पडता, कुणाला न थकवता गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि मला एकदम त्या चार तासांची आठवण झाली. मी पोराला बोलावलं. म्हटलं, "ते सगळं फुटेज दे. बासरीशिवायचं."

पोरगं खाली मान घालून उभं राहिलं. बराच वेळ. मग म्हणालं, "काका, ते नाही."

हकीकत साधी होती. चार तास म्हणजे नुसती आठवण नसते, ती जागा खाते. ते सगळं ठेवायला मोठी हार्ड डिस्क लागते, आणि शहाणा माणूस दोन ठेवतो, कारण डिस्क बंद पडते ती सांगून पडत नाही. दोन्हींचे मिळून वीसेक हजार. पोराने संस्थेकडे दोनदा मागितले. "फायनल आपल्याकडे आहे ना? बाकीचं पुढच्या अनुदानात बघू," असं उत्तर आलं. अठरा हजारांतले निम्मे यायचे होते. लग्नसराई लागली, कार्ड आणि डिस्क भरलेली, वधूपक्ष दारात उभा, आणि दहा तारीख जवळ आलेली. त्याने डिस्क रिकामी केली.

"मला विचारायचं तरी!" मी ओरडलो.

"विचारलं होतं, काका," तो म्हणाला. "काउंटरवर. तुम्ही म्हणालात, संस्था बघेल. पुण्याच्या कामाला कमी पडत नाही म्हणालात." आणि थोडं थांबून, "अकरा तारीख होती. हप्त्यासाठी तुम्हीच फोन करून बोलावलं होतं."

मला काहीच आठवत नव्हतं, म्हणजे ते खरं असणार.

जाताना दारात थांबून तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी आजींनी तुमच्या नावाची एक ओवी म्हटली होती. तुम्ही पाळण्यात असताना केलेली. चाल आठवते मला. शब्द नाही आठवत."

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि झोप न आलेला कारकून हिशेब करतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी दुहेरी नोंद शिकवतात. कुठे तरी नावे पडल्याशिवाय कुठेही जमा होत नाही. पंचवीस वर्षं मी हे बँकेत रोज करतो, पण घराबाहेरच्या जगाला तो नियम लागू आहे हे मला त्या रात्री समजलं. संस्थेला फिल्म जमा झाली. पोराला मान जमा झाला. मला उपदेशाचं समाधान जमा झालं. मग नावे कोणाच्या पडलं? तर आईच्या. फुकट काम असं काही नसतंच. पावती फक्त दुसऱ्याच्या नावाने फाटते, आणि बहुतेक वेळा ज्याच्या नावाने फाटते त्याला ती दाखवतही नाहीत.

तुम्ही म्हणाल, ओवीची काय किंमत करणार? बरोबर आहे. ओवी अमोल आहे. पण अमोल वस्तू ठेवायला जे कपाट लागतं ते अमोल नसतं. त्याची किंमत दुकानात लिहिलेली असते. आपण अमोल, अमोल म्हणत कपाटाचेही पैसे द्यायचे विसरतो. सिनेमावाल्यांनाही हे उशिरा कळलं. 'राजा हरिश्चंद्र'ची आज काही रिळंच उरली आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा. त्याची एकही प्रत नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ मध्ये, आणि जानेवारी २००३ मध्ये तिथल्याच जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम करणारी 'बालचित्रवाणी' १९८४ साली पुण्यात सुरू झाली. माझ्या पिढीने वर्गात मांडी घालून ते कार्यक्रम पाहिले. २०१७ मध्ये ती बंद झाली. मुख्य अडचण पैशाचीच होती. मान भरपूर होता.

आणि आपल्या मराठवाड्यातली अजिंठ्याची गोष्ट तर सगळ्यांना माहीत हवी. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल नावाच्या साहेबाला तिथल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्याने आयुष्य त्यात घातलं. नकला लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्स साहेबाने जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. शेवटी निजामाच्या राज्यात गुलाम यजदानींनी फोटो काढवून १९३० पासून मोठमोठे ग्रंथ छापले, ते टिकले. कारण छापील पुस्तकाच्या प्रती अनेक असतात आणि सगळ्या एकाच घरात जळत नाहीत. शिवाय भिंतीवरची मूळ चित्रं आहेतच. म्हणजे तिथे नकला गेल्या, मूळ राहिलं. आमच्याकडे मूळही गेलं आणि नक्कलही गेली. कंधारला निदान पाऊल तरी आहे.

दुसऱ्या दिवशी मी पोराला घरी बोलावलं. तो लग्नाकडे परत जाण्याच्या विचारात होता. मी म्हटलं, "जाऊ नकोस. पण कोटेशन घेऊन ये." त्याने आणलं. एका ओळीचं होतं: 'फिल्म तयार करणे.' मी लाल पेन घेतलं. शूटिंगचे दिवस वेगळे, एडिटिंगचे वेगळे. प्रवास वेगळा. कॅमेऱ्याचा घसारा. निम्मी रक्कम आगाऊ. मूळ फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या गावी, आणि त्यांचा खर्च वेगळ्या ओळीत. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, आणि कायद्याच्या यादीत शिक्षणही आहे, वारशाचं जतनही आहे. तेव्हा पैसे आकाशातून मागायचे नाहीत. ज्या अर्जात बॅनर आणि चहापान लिहितात त्याच अर्जात 'साठवण' लिहायची, एवढंच. आणि शेवटी मी माझ्या हाताने आणखी दोन ओळी घातल्या. 'गाणाऱ्या व्यक्तीस मोबदला.' 'गाणाऱ्या व्यक्तीचे नाव व गाव.'

"काका, एवढं मागितलं तर काम मिळेल का?" तो म्हणाला.

"काही मिळणार नाही. काही मिळेल. जे मिळेल ते राहील."

त्याला अशी तीन कामं मिळाली आहेत, आणि चार हुकली आहेत. लग्नंही चालू आहेत. त्यात काही कमीपणा नाही. घोडीच्या पैशावर देऊळ उभं राहत असेल तर घोडीला पुण्य लागतंच.

मी अजून कधीकधी ती बारा मिनिटांची फिल्म लावतो. एक मिनिट चाळीस सेकंद. बासरीतून आईचा आवाज वेगळा काढायला कान आता शिकलेत. शेवटी बासरी थांबते, जातं थांबतं, आणि एडिट करताना कापायचं राहून गेलेलं एक वाक्य आहे. आई पदराने कपाळ पुसते, कॅमेऱ्याकडे न बघता कॅमेऱ्यामागच्या पोराकडे बघते आणि विचारते, "लेकरा, जेवलास का रे?"

त्या सबंध प्रकल्पात हा प्रश्न विचारणारी ती एकटीच. बी.कॉम. सुद्धा नव्हती.